आठ पॉइंट दोन

खोटं बोलणं वाईट, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण किती खोटं म्हणजे खोटं, हा हिशेब मात्र वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मला एका माशाने शिकवला. मासा अंगठ्याएवढा होता. त्याची आठवण काढली की अजून घशाशी काहीतरी येतं. आणि माझ्यासारख्या कोकणी माणसाच्या घशाशी माशाच्या आठवणीने येणारी गोष्ट सहसा वेगळी असते, हे तुम्ही जाणताच.

आधी माझी ओळख सांगतो. मी बँकेतला माणूस. छत्तीस वर्षं आकड्यांत काढली. आमच्या वेळी यंत्रं नव्हती. संध्याकाळी खातेवह्यांचा मेळ बसला नाही की बसायचं. एकदा अठरा पैशांचा फरक आला म्हणून आम्ही चौघं रात्री साडेनऊपर्यंत बसलो होतो. चौघांच्या चहावर त्या अठरा पैशांच्या कितीतरी पट खर्च झाला, पण खिशातून अठरा पैसे टाकून मेळ बसवावा असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. तो हिशेबाचा अपमान झाला असता. असा मी. पुढे जे काही सांगणार आहे, ते ऐकताना हा मनुष्य लक्षात ठेवा.

तर झालं काय, आमचे चिरंजीव बोटीवर असतात. सहा महिने समुद्रावर, चार महिने फणसवाडीत. मागच्या खेपेला आले ते समुद्र बरोबर घेऊनच आले. तीन फूट लांबीची काचेची टाकी! खऱ्या समुद्रातल्या माशांची, म्हणजे खाऱ्या पाण्याची. आमचं बिऱ्हाड चाळीच्या पहिल्या मजल्यावर. दहा बाय बाराची बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर. त्या खोलीत आमची आई, तिची खाट, टीव्ही, कपाट, देव्हारा, आणि आता हिंदी महासागर. टाकीत दीडशे लिटर पाणी मावतं म्हटल्यावर खालच्या मजल्यावरचे काका छताकडे बघत जेवायला लागले. मी त्यांची समजूत काढली. म्हटलं, "काका, असं समजा, तीन पाहुणे आलेत." ते म्हणाले, "पाहुणे जातात."

गंमत पाहा. आमच्या चाळीपासून गिरगावची चौपाटी पायी दहा-पंधरा मिनिटांवर. एवढा अरबी समुद्र फुकट पसरलेला असताना चिरंजीवांनी क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या दुकानातून समुद्र पुड्यात बांधून आणला. म्हणजे समुद्राचं मीठ. चौपाटीचं पाणी त्या माशांना मानवायचं नाही म्हणे. एका लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे दीडशे लिटरला सव्वापाच किलो मीठ! आमच्या सौभाग्यवतींनी पुड्यावरची किंमत वाचली आणि त्या मटकन खाटेवर बसल्या. "खारट पाणी करायला एवढे पैसे? अन् आमटीत चिमूटभर जास्त पडलं तर अख्खं घर डोक्यावर घेता!"

मला मात्र खरं सांगायचं तर आतून आनंद झाला होता. लहानपणी शाळेची सहल तारापोरवाला मत्स्यालयात गेली होती. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं हे मत्स्यालय आम्हां गिरगावकरांना घरचंच वाटे. चर्नी रोडच्या स्टेशनाला लागूनच. त्या अंधारात, काचेला नाक लावून, मास्तर ओढून नेईपर्यंत मी उभा होतो. करोनाच्या साथीत त्याचे दरवाजे बंद झाले, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं. आणि आता ती काच माझ्या घरात आली होती! सदुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा काचेला नाक लावलं. ओढून न्यायला या वेळी मास्तर नव्हते, सौभाग्यवती होत्या.

टाकीत राहायला आले दोन क्लाऊनफिश. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, विदूषकासारखे. शिवाय एक निळा चिमुकला मासा, एक झिंगा (शोभेचा, मी दोनदा विचारून घेतलं) आणि शेवाळ खाणाऱ्या पाच-सहा गोगलगायी. प्रवाळ नाहीत, कारण आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना हात लावायची बंदी आहे. क्लाऊनफिशची एक गोष्ट ऐकून आमच्या आईला फार समाधान वाटलं. हे मासे सगळेच्या सगळे आधी नर असतात. त्यातला जो सगळ्यांत मोठा आणि दांडगा, तो मादी होतो, आणि मग घराचा कारभार तिच्याकडे. आई म्हणाली, "मग नवीन काय त्यात?"

बोटीवर जायच्या आदल्या रात्री चिरंजीवांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. माशांना खायला किती, दिवा कधी लावायचा, पाणी कधी बदलायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पीएच. परीक्षानळीत पाच मिली पाणी घ्यायचं, बाटलीतले पाच थेंब टाकायचे, हलवायचं, आणि जो रंग येईल तो एका कार्डावरच्या रंगांशी ताडून पाहायचा. कार्डावर पिवळट तपकिरीपासून जांभळ्यापर्यंत चौकोन. त्याखाली आकडे. "बाबा, आठ पॉइंट दोनच्या आसपास हवा. रोज सकाळी दिवा लावायच्या आधी बघा, आणि मला आकडा कळवत जा."

"एवढंच ना?" मी म्हटलं. "अरे, छत्तीस वर्षं आकडेच कळवत आलोय."

दुसऱ्या मजल्यावर रसायनशास्त्राचे एक निवृत्त मास्तर राहतात. पीएच म्हणजे काय ते त्यांना विचारलं. विचारायला नको होतं. दोन तास गेले, पण समजलं. आमच्या सौभाग्यवतींना हळद आणायला लावून मास्तरांनी तीत चुना मिसळला. पिवळ्याचं लालभडक झालं. "कुंकू याच युक्तीने करतात," ते म्हणाले. "तुमच्या आज्या-पणज्या पीएच बघत होत्या, फक्त नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं सोरेनसेन नावाच्या डॅनिश माणसाने, 1909 साली, कोपनहेगनला एका बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत." बिअरचं नाव निघताच आई आतून म्हणाली, "पोथी वाचतेय मी."

सात म्हणजे ना आंबट, ना खारं. सातच्या खाली आम्ल, वर अल्क. समुद्र आठच्या जरा वर. इथवर मला कळत होतं. पण मास्तर पुढे म्हणाले ते मी नीट ऐकलं नाही, आणि तिथेच घात झाला. ते म्हणाले, "ही मोजपट्टी साधी नव्हे. शिंप्याच्या टेपवर सात आणि आठमध्ये एक इंचाचा फरक. इथे दहापट! आठ पॉइंट दोनचं सात पॉइंट नऊ झालं, तर दिसायला फरक पॉइंट तीनचा. पण पाण्यातलं आम्ल दुप्पट झालेलं असतं." मी मान डोलावली. बँकेत साहेब बोलत असताना डोलवायचो, तशी.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग पाऊस लागला. गिरगावातला जुलैचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. खिडक्या बंद, गॅलरीकडचं दार बंद, दोरीवर कपडे, आणि आत आम्ही तिघं. एका सकाळी परीक्षानळीतला रंग पाहिला. तो आठ पॉइंट दोनचा नव्हता. आठचाही नव्हता. आठ आणि सात पॉइंट आठ यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होता. मी नळी खिडकीशी नेली. आठचा वाटला. ट्यूबलाइटखाली धरली. थोडी मान वाकडी केली, एक डोळा मिटला, आणि मन मोठं केलं, तर आठ पॉइंट दोनही वाटू शकला असता.

चिरंजीव तेव्हा कुठेतरी मलाक्काच्या सामुद्रधुनीत होते. रात्रपाळी, झोप नाही, जेवण धड नाही. कशाला पोराच्या जिवाला घोर? मी लिहिलं : "8.2. सर्व क्षेम." पलीकडून अंगठा आला.

त्या अंगठ्याने मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी मान वाकडी करावी लागली नाही. आठवड्याभरात तर मी नळी न हलवताच लिहायला लागलो.

आता एक कबुली. हे खोटं माझं पहिलं नव्हतं. ते शिकलो होतो दुसऱ्याच एका यंत्रावर. आमच्या आईचं वय अठ्ठ्याऐंशी. तिचा रक्तदाब मी रोज रात्री मोजतो. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, आकडा येतो. आणि रोज रात्री नऊला पुण्याहून ताईचा फोन येतो. "किती आला रे?" ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, स्वतःचे गुडघे दुखतात, आणि तिला काळजी करायला निमित्त लागत नाही. मशीन म्हणे 165, मी म्हणे 140. ताई म्हणे, "मग ठीक आहे." आणि दोघांना झोप लागे. आई खाटेवरून विचारी, "किती रे बाळ?" तिला मी आणखी थोडी सूट देऊन 130 सांगत असे. म्हणजे एकाच आकड्याचे तीन भाव : घाऊक, किरकोळ, आणि घरच्यांसाठी.

अठरा पैशांसाठी साडेनऊपर्यंत बसणारा मनुष्य हाच, बरं का.

मी स्वतःला विचारलं नाही असं नाही. पण माणूस स्वतःला प्रश्न विचारतो तेव्हा वकीलही स्वतःच देतो. माझा वकील म्हणाला, बँकेतला आकडा लोकांच्या पैशाचा होता, तिथे प्रामाणिकपणाच हवा. घरातला आकडा प्रेमाचा आहे. प्रेमात थोडं इकडे-तिकडे चालतं. शिवाय मोठी माणसं पाठीशी होतीच. साक्षात धर्मराजाने अश्वत्थामा मेल्याचं सांगताना 'हत्ती' हा शब्द जरा हळू उच्चारला. आता महाभारतकारांनी त्याचीही मोजणी ठेवली आहे, हे मी सोयीस्करपणे विसरलो. धर्माचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. एक शब्द हळू म्हणताच तो खाली टेकला. अर्धं बोट नाही, एक बोट नाही, पुरता खाली. मास्तरांची दहापटीची मोजपट्टी व्यासांना ठाऊक होती असं मला आता वाटतं.

दुसऱ्या टोकाला जर्मनीतले कांटसाहेब. त्यांनी 1797 साली एक निबंध लिहून ठणकावलं, की मारेकरी दारात उभा राहून तुझा मित्र घरात आहे का असं विचारू लागला, तरी खोटं बोलू नये. विद्वान मनुष्य, वादच नाही. पण कांटसाहेबांना पुण्यात बहीण नव्हती.

तर धर्मराज आणि कांट यांच्या मधोमध माझं बरं चाललं होतं. आकडे स्थिर होते. टाकी 8.2, ताई 140, आई 130. महिनाभर एका आकड्यात बदल नाही. खरं तर याचाच संशय यायला हवा होता. बँकेत एखाद्या वहीत महिनाभर खाडाखोड दिसली नाही, तर आम्ही आधी ती वही तपासायला घ्यायचो!

मास्तरांनी नंतर मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथेच सांगून टाकतो. समुद्राच्या पाण्यात एक सोशिकपणा असतो. विरघळलेले कार्बोनेट-बायकार्बोनेट असे क्षार आम्ल आलं की ते पोटात घेतात आणि वर आकडा हलू देत नाहीत. माशांची घाण, उरलेलं अन्न, सगळ्याचं आम्ल ते गिळत राहतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय छान स्थिर आहे! पण सोसता सोसता ते क्षार खर्च होत असतात. आणि ते संपत आले, की आकडा हळूहळू उतरत नाही, कोसळतो. म्हणून हुशार मनुष्य पीएचबरोबर हा सोशिकपणाही मोजतो. त्याच्या थेंबांची बाटली वेगळी असते. कमी पडला तर खाण्याचा सोडा वगैरे घालून, रोज थोडा थोडा, तो भरून काढायचा असतो. चिरंजीवांनी मला ती दुसरी बाटलीही दिली होती. मी तिचं बूच उघडलं नव्हतं. माणसांसाठी अशी बाटली कोणी काढलेली नाही. काढली असती तरी आमच्या घरात तिचंही बूच तसंच राहिलं असतं.

आणि मग गणपती आले.

गिरगाव म्हणजे गणपतीचं माहेर. केशवजी नाईकांच्या चाळीतला उत्सव तर 1893 पासूनचा. आमच्या घरी दीड दिवसाचा असतो. पहिल्या रात्री जागरण. जागरण म्हणजे देवाच्या साक्षीने पत्ते. बाहेर झोडपून पाऊस, म्हणून खिडक्या बंद. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा माणसं, समई, उदबत्ती, आत गॅसवर अखंड चहा. पहाटे साडेचारला डाव मोडला. साडेपाचला मी सवयीने नळीत थेंब टाकले. रंग आला पिवळट तपकिरी. कार्डावरचा अगदी खालचा चौकोन. या वेळी दोन्ही डोळे मिटले तरी तो आठ पॉइंट दोन वाटला नसता.

मासे वर येऊन तोंड उघडत-मिटत होते.

इथे मी जे केलं ते घाबरलेला माणूस करतो. मला आठवलं, की परदेशात मासे पाळणारे पीएच वाढवायला चुन्याची निवळी वापरतात. खरंच वापरतात, पण रात्री, थेंब थेंब, सलाइनसारखी. निवळी करायची तर चुना पाण्यात कालवून तासन् तास स्वस्थ ठेवावा लागतो, मग वरचं नितळ पाणी घ्यायचं. नावातच निवळणं आहे. मला निवळायला वेळ नव्हता. सहा आठवडे थापा मारायला वेळ होता, पण आता दोन मिनिटं धीर नव्हता. आईच्या पानाच्या डब्यातला चुन्याचा मोठा गोळा तांब्यात कालवला आणि ते दुधासारखं पाणी तसंच टाकीत ओतलं. टाकी पांढरी झाली. पाच मिनिटांनी नळीत रंग आला जर्द जांभळा. कार्डावरचा शेवटचा चौकोन. आकडा वाढला होता! पाहिजे त्याच्याही पुढे गेला होता.

मास्तर धावत खाली आले. अर्धं पाणी काढलं, नवीन मिठाचं पाणी भरलं, पहिलं काम म्हणून खिडकी उघडली. "अहो, खोली कोंदली होती," ते म्हणाले. "चौदा माणसांचा उच्छ्वास पाण्यात उतरला, त्याचं झालं आम्ल. सोशिकपणा आधीच संपत आलेला. खिडकी उघडून हवेचा पंप लावला असता तर दुपारपर्यंत पाणी आपोआप वर आलं असतं. कमी आकड्यात मासा तग धरतो हो. झटका सहन करत नाही."

मोठी क्लाऊनफिश वाचली. निळा वाचला. झिंगा आणि धाकटा क्लाऊनफिश गेले. समोर गणपती बसलेला, मोदकांचा वास घरभर, आणि मी परातीत तो अंगठ्याएवढा नारिंगी जीव घेऊन उभा. सौभाग्यवती एक शब्द बोलल्या नाहीत. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यांचं न बोलणं मला पाठ आहे. पण हे नवीन होतं.

त्या दिवशी आकडा कळवायची वेळ झाली. मी चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी फोन लावला. बोट सिंगापूरबाहेर नांगर टाकून होती, म्हणून लागला. सगळं सांगितलं. मासा गेल्याचं, चुन्याचं, आणि मग तेही : सहा आठवड्यांतला एकही आकडा खरा नव्हता.

पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "बाबा, मला बरं वाटावं म्हणून मी आकडा विचारत नव्हतो." जरा थांबून म्हणाला, "तुम्ही सात पॉइंट नऊ म्हणाला असतात, तर मी इतकंच सांगितलं असतं की रोज तासभर खिडकी उघडा."

एवढ्या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी दिवस विचार करत बसलो. मी समजत होतो की खरा आकडा लपवून मी त्याची काळजी कमी करतोय. प्रत्यक्षात मी त्याच्याकडून काळजी घ्यायचा हक्क काढून घेतला होता. काळजी करणं आणि काळजी घेणं, या दोन्हींना मराठीत शब्द एकच पडला, त्यामुळे आमची गल्लत होते. त्याचं काळजी करणं मी वाचवलं, आणि त्याच पुड्यात बांधून काळजी घेणंही फेकून दिलं. आणि खरं कोणाचं वाचवलं? तो अंगठा बघून बरं मला वाटत होतं. 8.2 हा आकडा पाण्याचा कधी नव्हताच. तो माझा होता.

रात्री नऊला ताईचा फोन आला. "किती आला?" मी म्हटलं, "एकशे बहात्तर." ती म्हणाली, "आज एकदम?" मी म्हटलं, "एकदम नाही गं ताई."

ताईने मला फोनवर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. लहानपणी मार खाल्ल्याची आठवण झाली एवढंच सांगतो. दुसऱ्या दिवशी डेक्कन क्वीनने ती दारात हजर. त्याच दुपारी आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध बदललं, एक वाढवलं. म्हणाले, "वेळेवर आणलंत. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर..." आणि त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. ते माझ्या मनात अजून रोज रात्री पट्टा गुंडाळताना पूर्ण होतं.

आता वाचक म्हणेल, झालं, तात्पर्य मिळालं : सदा खरं बोलावं. मीही तसंच ठरवून आईजवळ बसलो. म्हटलं, "आई, मी तुला एकशे तीस सांगत होतो ते खरं नव्हतं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पट्टा सुटला की तू आधी मशीनकडे बघायचास, मग माझ्याकडे, मग परत मशीनकडे. बँकेत असाच मेळ बसवायचास का रे?" मी गप्प. मग ती हळूच म्हणाली, "ताईला खरं सांगितलंस ते बरं केलंस. डॉक्टरांनाही सांग. पण मला मात्र एकशे तीसच सांगत जा. या वयात मला औषध घ्यायचंय, आकडा नाही घ्यायचा."

घ्या! कांटसाहेबांनी यावर काय केलं असतं मला ठाऊक नाही. मी मात्र बरेच दिवस घोळवून एका मुक्कामाला आलोय. ज्याला त्या आकड्यावर काही करायचं आहे, त्याला तो जसाच्या तसा द्यावा. त्यात एक दशांशसुद्धा आपल्या पदरचा घालू नये. आणि ज्याला तो नकोच आहे, त्याला खोटा देऊ नये; न देता गप्प बसावं. म्हणून मी आता आईला एकशे तीस सांगत नाही, एकशे बहात्तरही सांगत नाही. "औषध घेतलंस ना?" एवढंच विचारतो. ती म्हणते, "घेतलं." हे आमचं चाललंय. हे बरोबर आहे की पळवाट, हे अजून मला नक्की सांगता येत नाही. मान थोडी वाकडी केली तर बरोबर वाटतं, आणि मान वाकडी करावी लागते म्हणूनच शंका येते.

मोठ्या समुद्राचंही म्हणे असंच चाललंय. कारखाने सुरू होण्याआधी त्याचा पीएच आठ पॉइंट दोनच्या आसपास होता. आता आठ पॉइंट एकच्या जवळ आलाय. जगभरच्या धुराड्यांचा उच्छ्वास त्यात उतरतो, आमच्या खोलीत चौदा जणांचा उतरला तसा. फरक किती? पॉइंट एक! ऐकणारा म्हणतो, मग ठीक आहे, आणि त्याला झोप लागते. पण मास्तरांच्या मोजपट्टीने ते आम्ल सव्वापट झालं. शिंपल्यांना आणि प्रवाळांना आपलं घर बांधणं तेवढं जड जातं. त्या टाकीची खिडकी कुठे आहे, हे मला सांगता येत नाही. पण आकडा कोणी खरा सांगत असेल, तर त्याला अंगठा दाखवून झोपू नये, एवढं मी शिकलोय.

आमच्या फणसवाडीत एका बाजूला व्यंकटेशाचं देऊळ आहे आणि एका बाजूला पारशांचा दादीशेठ आतशबेहराम. तिथला अग्नी 1783 सालचा. दिवसाच्या पाचही प्रहरांना त्याची निगा राखली जाते. आत जाण्याचा मला अधिकार नाही, पण पहाटे त्यावरून जाताना हल्ली मनात येतं, की एवढी वर्षं कोणीतरी रोज उठून पाहतं आहे, 'आहे ना?' असं नुसतं समजून चालत नाही.

मीही आता पहाटे उठतो. आधी खिडकी उघडतो, पाऊस आत आला तरी. मग नळीत पाच मिली पाणी, पाच थेंब. दुसऱ्या बाटलीचंही बूच उघडलंय. चिरंजीव परत आले तेव्हा त्यांनी एक नवीन धाकटा आणला. मोठीने दोन दिवस त्याला टाकीभर पळवलं आणि मग कोपरा दिला. माझ्याकडे बघून चिरंजीव फक्त म्हणाले, "वही ठेवा, बाबा." मी ठेवली. बँकेतल्यासारखी. तीत 8.0 आहेत, 7.9 आहेत, एक-दोन 8.3 आहेत. खाडाखोडही आहे. फार दिवसांनी एका वहीचा मेळ बसल्यासारखा वाटतोय.

काल पहाटे मी नळी उजेडात धरून उभा होतो. खाटेवरून आवाज आला, "किती आला रे?"

मी दचकलो. हात दंडाच्या पट्ट्याकडे गेला. म्हटलं, "आई, तूच म्हणाली होतीस ना, की..."

"माझा नाही रे. माशाचा सांग."

"आठ," मी म्हटलं.

"आधी तर रोज आठ पॉइंट दोन असायचा ना?"

"नसायचा," मी म्हटलं.

"हं," आई म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.